ट्रॅकवर पळवलेली सिडिया विकताना

माझी जुनी सिडिया गाडी विकायला काढली तेव्हा फोनवर पहिलाच प्रश्न "ॲव्हरेज किती देते?" असा आला की मी "आठ" म्हणून सांगायचो. खरं तर दहाच्या वर देते, पण आठ ऐकून निम्मे लोक तिथंच फोन ठेवायचे आणि माझा चहा वाचायचा. "टॉप स्पीड किती?" विचारणारा त्याहून अवघड. तो रविवारी तीन मित्रांना घेऊन येतो, बकेट सीटमध्ये बसून फोटो काढतो आणि "पप्पांना विचारून सांगतो" म्हणून जातो. असे अकरा जण बेळगावात माझ्या उद्यमबागच्या शेडवर येऊन गेले. बाराव्यानं गाडी नेली. या दोन टोकांमध्ये मी जे शिकलो ते लिहून ठेवतोय, कारण आपल्या भागात अशी गाडी विकायची कशी हे सांगणारं कोणी मला भेटलं नाही.

आधी गाडीबद्दल. २००८ची मित्सुबिशी लान्सर सिडिया, केए २२ पासिंग. शेजारचे अजूनही तिला "ती जुनी लान्सर" म्हणतात. ही गाडी आपल्याकडे २००६मध्ये आली, चेन्नईजवळ तिरुवळ्ळूरला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात बनायची. दोन लिटरचं ४जी९४ इंजिन, ११५ अश्वशक्ती, मागं मल्टीलिंक सस्पेन्शन. आकडे वाचून कोणाच्या अंगावर काटा येणार नाही. पण जपानमध्ये इव्हो ७, ८, ९ ही लान्सरची रॅलीवाली रूपं याच लान्सरच्या सांगाड्यावर उभ्या राहिल्या, आणि आपल्याकडच्या रॅलीवाल्यांनी सिडिया वर्षानुवर्षं धुरळ्यात उगाच नाही पळवली. माझा धंदा हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे पार्ट बनवायचा. लेथ घरचं, वेल्डर घरचा, त्यामुळं हात शिवशिवायचे. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन), माझ्याच शेडमध्ये बनवलेला स्टेनलेसचा ४-२-१ हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या), मोठा एक्झॉस्ट, रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), दोन स्पार्को बकेट सीट, मागं बोल्टवर बसणारा अर्धा रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा पिंजरा. आठवडाभर कामाला जायची, आणि वर्षातून एकदा कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर. तो ट्रॅक २.१ किलोमीटरचा. त्या दोन किलोमीटरसाठी जाऊन-येऊन सोळा-सतराशे किलोमीटर मारायचे, हे घरच्यांना मी कधी पटवू शकलो नाही.

आता किमतीचं बोलू, कारण सगळे तिथंच अडकतात. मॉडिफिकेशनवर घातलेला पैसा परत येत नाही. माझ्याकडं बिलं होती, बेरीज पाच लाख चाळीस हजार. ती फाईल मी पहिल्या तीन गिऱ्हाइकांपुढं ठेवली आणि तिघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव दिसला: हा माणूस आपला खर्च माझ्याकडून वसूल करायला बसलाय. चौथ्यापासून फाईल कपाटात. किंमत खालून वर लावायची. तशीच पण साधी, कंपनी फिटिंगमधली गाडी काय भावानं जाते ते बघा. त्या महिन्यात मला बऱ्या अवस्थेतल्या सिडिया दीड ते सव्वादोन लाखाच्या दरम्यान दिसत होत्या. त्यावर चांगल्या सस्पेन्शनचे थोडे, चांगल्या टायरचे थोडे. एक्झॉस्टचे शून्य. रीमॅपचेही शून्य, कारण तो दाखवता येत नाही. बॉडी किट असेल तर उलट कमी करा, खाली काय लपवलंय अशी शंका येते.

जुन्या गाड्या घेणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीचा पोरगाही बघून गेला. टॅबवर रकाने भरत होता. "सस्पेन्शन: ओरिजिनल नाही" असं टिकलं की किंमत खाली, "सीट: ओरिजिनल नाही" की आणखी खाली. शेवटी पंचावन्न हजार आले. त्या पोराचा काय दोष? त्याच्या टॅबमध्ये कॉइलओव्हरचा रकानाच नव्हता.

म्हणून विकायच्या आधी ठरवा: गाडी आहे तशी द्यायची, की मूळ रूपात आणून द्यायची आणि पार्ट वेगळे विकायचे. माझं मत स्पष्ट आहे. माळ्यावर कंपनीचे मूळ पार्ट असतील तर दुसरा रस्ता धरा. नसतील तर आजपासून शोधायला लागा. सिडियासारख्या बंद झालेल्या गाडीचं मूळ सायलेन्सर किंवा मागचं सीट मिळवणं हे हेडर बनवण्यापेक्षा जड काम आहे.

हे शहाणपण मला २०२३ साली आलं, तेही सक्तीनं. गाडीला पंधरा वर्षं झाली की आरसी संपते. गाडी तपासणीला न्यायची, फी भरायची, ग्रीन टॅक्स भरायचा, मग पुढची पाच वर्षं मिळतात. २०२२च्या एप्रिलपासून कारची ही फी सहाशेवरून पाच हजार झाली, पण खरी डोकेदुखी फीची नाही. आरसीवर सीट पाच लिहिलेत, आणि माझ्या गाडीत मागं सीटच्या जागी लोखंडी नळ्या. कायदा इथं सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ स्वरूपात मनासारखा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. दंड प्रत्येक बदलाला पाच हजार, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माझे बदल मोजले तर गाडीच्या किमतीत दंड बसला असता. तेव्हा दोन शनिवार-रविवार घालून मी सगळं उलटं फिरवलं. माळ्यावरचा सायलेन्सर उतरवला, मागचं सीट झटकलं, त्यात उंदरानं केलेलं घर बाहेर काढलं. तपासणी झाली. नंतर मी परत हेडर चढवला हे कबूल करतो, पण रोल केज नाही चढवला. रस्त्यावर हेल्मेट नसतं, आणि साध्या धक्क्यातही डोकं त्या नळीवर आपटू शकतं. मुलगी मागं बसायला लागल्यावर हे उशिरा सुचलं.

विकायच्या वेळी मी असं केलं: केज, सीट, बेल्ट, ट्रॅकचे टायर आणि एक्झॉस्ट वेगळे विकले, पंचाण्णव हजार आले. टायर विकताना बाजूवरचा चार आकडी शिक्का आधीच सांगून टाका. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. घेणारा तो बघतोच, आपण सांगितलं की पुढचं बोलणं सोपं जातं. कॉइलओव्हर गाडीवरच ठेवले, पण उंची वाढवून. आपल्या गल्लीतले स्पीड ब्रेकर कोणत्या इंजिनिअरनं मोजून घातलेत देव जाणे, आणि गिऱ्हाइकानं टेस्टला नेल्यावर पहिल्याच ब्रेकरवर पोट घासलं तर सौदा तिथंच संपतो. चाकं बाहेर काढणाऱ्या पंधरा मिलीमीटरच्या चकत्या, म्हणजे स्पेसर, मात्र कोणाला विकले नाहीत. मीच लेथवर काढले होते, दिसायला झकास, पण बेअरिंगवर येणारा ताण मला माहीत आहे. भंगारात टाकले.

गाडीची तयारी म्हणजे पॉलिश नव्हे. इंजिन डिझेलनं धुऊन चकचकीत करू नका. जाणकाराला पहिला संशय तिथंच येतो, कुठं ऑइल गळतंय ते लपवलंय म्हणून. त्यापेक्षा तीन-चार हजार कामाच्या जागी घाला. मी इंजिन गरम असताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं: १७२, १७०, १७४, १६८ पीएसआय. चार आकडे जवळजवळ असणं महत्त्वाचं. एक सिलिंडर वीस-पंचवीसनं खाली असेल तर आधी कारण शोधा आणि मग जाहिरात टाका. ब्रेक डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटर लावा आणि वाचन लिहून ठेवा. ट्रॅकचे पॅड काढून साधे घातले, कारण ट्रॅकचे पॅड थंड असताना धरत नाहीत, आणि नवा माणूस पहिल्या सिग्नलला घाबरतो. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप कधी बदलला त्याची तारीख हाताशी ठेवा. आणि गाडी उचलून खालचे फोटो काढा. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन-येऊन गाडीच्या पोटाला खारी हवा आणि लाल माती दोन्ही लागतात. माझ्या गाडीला मागच्या डाव्या चाकावरच्या आर्चच्या आत गंजाचा एक पट्टा होता, त्याचा फोटो मी जाहिरातीत तिसऱ्या नंबरला टाकला.

मित्र म्हणाला, "काय गा, विकायलास का घालवायलास?" पण त्या एका फोटोनं फुकटे फोन कमी झाले, आणि जे आले ते "गंज किती आत गेलाय?" असं विचारत आले. तोच माणूस आपल्याला हवा असतो.

या सगळ्यापेक्षा जास्त कामाला आली ती एक वही. शेडमध्ये प्रत्येक जॉबला कार्ड असतं, त्याच सवयीनं गाडीचीही वही घातली होती: तारीख, किलोमीटर, काम, कोणी केलं. ट्रॅकचे सहा दिवस वेगळ्या शाईत, आणि प्रत्येक दिवसानंतर बदललेलं ऑइल. त्यात एक लाज वाटणारी नोंदही आहे. कोइमतूरला चौथ्या दिवशी, सरळ पट्टा संपत असताना, चौथा टाकायच्या ऐवजी मी दुसरा टाकला. इंजिन किंचाळलं. क्षणभरच, क्लच दाबला, पण काटा लाल पट्टीच्या कुठं पुढं गेला ते बघायला मी शुद्धीवर नव्हतो. परत आल्यावर टॅपेट उघडून बघितले, कॉम्प्रेशन घेतलं, काही निघालं नाही. मात्र त्या मोसमापासून तिसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर अलगद पडू देणारी कडी) गाडी थंड असताना कुरकुरतो. हे लिहावं की पुसावं? मी ठेवलं. ट्रॅकवर गेलेली गाडी घेणारा माणूस चुका झाल्या असतील हे धरूनच येतो. चूक नसलेली वही दाखवली तर ती कालच लिहिली असं तो समजेल.

जाहिरातीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळच्या उन्हात काढलेले फोटो, बारा ते पंधरा, त्यात थंड इंजिन सुरू करतानाचा एक व्हिडिओ. "अर्जंट सेल" लिहू नका. चोर्ल्याच्या वळणांवरचा तुमचा मर्दुमकीचा व्हिडिओ तर मुळीच टाकू नका; तो तुम्हाला शौर्य वाटतो, गिऱ्हाइकाला पुरावा वाटतो, आणि पोलिसांनाही. वेळ बघा. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस काच दिसू देत नाही, मग पितृपक्षात कोणी गाडीला हात लावत नाही, आणि दसऱ्याला सगळ्यांना नवी कोरी हवी असते. माझे सगळे खरे फोन दिवाळीनंतर आले.

गाडी दाखवताना ती आधी सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून थंड आहे की नाही ते त्यालाच बघू द्या. मी टेस्टचा रस्ता ठरवून टाकला होता: शेडवरून खानापूर रोडनं पिरनवाडी क्रॉस, तिथून किणयेपर्यंत आणि परत. जाताना मी चालवणार, येताना तो, लायसन्सचा फोटो आधी घेऊन. एकटा कोणाला सोडायचं नाही, ओळखीतला असला तरी. ओळखीतला असला तर नक्कीच नाही. इन्शुरन्स चालू ठेवा, आणि पॉलिसीत बदल कळवलेले नसतील तर टेस्टमधल्या एका धडकेला कंपनी हात वर करू शकते, हे मनात धरून रस्ता निवडा.

बारावा माणूस कोल्हापूरचा. शिरोलीला फाउंड्रीच्या कास्टिंगचं फेटलिंग, म्हणजे घासून साफ करायचं काम, करतो, वय तिशीच्या आत. आला, नमस्कार केला आणि गाडीकडं न बघता विचारलं, "काका, पोतं हाय काय एखादं?" पोतं दिलं. ते अंथरून टॉर्च घेऊन खाली शिरला आणि वीस मिनिटं बाहेर नाही. मी चहा सांगितला, तो निवला. मग खालून आवाज आला.

"टिग कुणी मारलंय?"

"आमच्याच पोरानं."

"आतनं अर्गॉन दिलता?"

दिला होता. स्टेनलेसच्या नळीला बाहेरून टिग वेल्ड मारताना आतून अर्गॉन सोडला नाही तर आतली बाजू काळी, खडबडीत होऊन फुटते, आणि हे बाहेरून कळत नाही. नऊ वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "दिला होता. हेडर उतरवून दाखवू?" तो बाहेर आला, केसांतली माती झटकली आणि म्हणाला, "नको. वही दाखवा म्हणलं होतं फोनवर."

वही त्यानं उभ्यानं पूर्ण वाचली. चौथ्या दिवसाच्या नोंदीवर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो हसला, "माझा बी एकदा झालाय असा." टेस्टला थंड गाडीवर तिसरा टाकला, कुरकुर ऐकली, पुन्हा टाकला. भावात त्याचे पंधरा हजार कापले, आणि त्यावर मी भांडलो नाही. मी सव्वातीन सांगितले होते, दोन ऐंशीला हात मिळवला. रीमॅपच्या आधीची मूळ फाईल, मूळ सायलेन्सर आणि माळ्यावरचे राहिलेले डबे त्यातच दिले. ते डबे नसते तर महाराष्ट्रात नंबर घेताना तपासणीला त्याची तीच गत झाली असती जी माझी २०२३मध्ये झाली.

आता आपल्या सीमाभागाची खास कटकट. गिऱ्हाईक बेळगाव, निपाणी किंवा हुबळीचं असेल तर राज्य तेच, लाइफटाइम टॅक्स भरलेला आहे, नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर काम होतं. कोल्हापूर, गडहिंग्लज, गोवा म्हटलं की फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, काढायची, आणि घेणाऱ्यानं तिकडं टॅक्स भरून नवा नंबर घ्यायचा. तो टॅक्स भावात कोणी सोसायचा हे हात मिळवायच्या आधी बोला, नंतर कटुता येते. एनओसीला चलन थकलेलं चालत नाही, कर्जाची नोंद चालत नाही. कर्ज फिटलं असेल तरी फॉर्म ३५ देऊन ती नोंद आरसीवरून काढलेली आहे का ते बघा. नव्या पद्धतीची सिक्युरिटी नंबर प्लेटही आधी बसवून घ्या. चॅसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला छापही लागतो. माझ्या गाडीत तो नंबर फायरवॉलवर, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर आहे आणि त्याच्या बरोबर पुढं मी हौसेनं बसवलेला स्ट्रट बार, म्हणजे सस्पेन्शनच्या दोन टोकांना जोडणारा आडवा दांडा. दोन बोल्ट सोडले, कागद धरला, पेन्सिल आडवी घासली. तिसऱ्या प्रयत्नात सगळे आकडे उमटले. आरटीओत पाटी कन्नडमध्ये, फॉर्म इंग्रजीत आणि एजंट मराठीत, त्यामुळं काम होतं, फक्त तीन आठवडे धरून चाला. तोवर गाडी द्यायची नाही. टोकन घ्या, पावती द्या, चावी खिशात.

हे मी हट्टानं सांगतो, कारण आरसीवर ज्याचं नाव तो मालक. फेब्रुवारी २०१८च्या निकालात सुप्रीम कोर्टानं, गाडी पुढं अनेक हात बदलून गेली असतानाही, अपघाताची भरपाई आरसीवरच्या मालकावर टाकली. विक्री कळवायला राज्यातल्या राज्यात चौदा दिवस आणि बाहेर पंचेचाळीस दिवस असतात. घेणाऱ्यावर सोडू नका. ज्या दिवशी चावी देता त्या दिवशी डिलिव्हरी नोट करा: तारीख, वेळ, किलोमीटर, दोघांच्या सह्या, त्याच्या आधारची प्रत. त्यात "गाडी बदल केलेली आहे, बदल पुढीलप्रमाणे" अशी यादी लिहा आणि तिसऱ्या गिअरचीही ओळ घाला. आणि पैसे बँकेतूनच. रोख दोन लाख किंवा जास्त घेतले तर आयकरवाले घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच, तेवढाच दंड लावू शकतात. बाजारात कोणी "अर्धं रोख करू की" म्हणेल. नको म्हणा.

एक गोष्ट मात्र मीच विसरलो. संध्याकाळी पाचला तो गाडी घेऊन निघाला. मी निघताना एवढंच सांगितलं होतं की ब्रेक पॅड नवे आहेत, बसेपर्यंत जरा सावकाश. पावणेसहाला फोनवर मेसेज आला: हत्तरगी टोल, पैसे कापले. फास्टॅग माझ्याच खात्याचा, काचेवरून काढायचा राहून गेला होता. लगेच बंद करायला हवा होता. मी बायकोला काही बोललो नाही, फोन समोर ठेवून बसलो. बेचाळीस मिनिटांनी दुसरा मेसेज आला, कोगनोळी. सावकाशच चालवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फास्टॅग बंद केला.